खंडाळ्याला नेलंय म्हणजे नक्की कुठे? हायवे पोलीस आणि अटकेनंतरचे तास

मागच्या अंकात ई-चलनाबद्दल लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आणि मेसेज आले त्यात चलनाचे प्रश्न थोडे आणि अटकेचेच जास्त निघाले. कुणाचा भाऊ, कुणाचा मुलगा, कुणाचा ड्रायव्हर. मी हायवेलगतच्या तालुका कोर्टात वकिली करते त्यामुळे ही माणसं मला रोज दिसतात, रात्रभर न झोपलेली, हातात पिशवी, पिशवीत आधार कार्डाची झेरॉक्स आणि डबा. म्हणून हा अंक पूर्ण त्यांच्यासाठी.

ताई नमस्कार. माझे धाकटे दीर पिकअप चालवतात. कोल्हापूरकडे जाताना त्यांच्या गाडीची एका मोटरसायकलला धडक बसली आणि मोटरसायकलवाले काका दवाखान्यात वारले. दिरांचा एकच फोन आला, "वहिनी, हायवे पोलिसांनी धरलंय, खंडाळ्याला नेतायत", की फोन बंद. आमचे मिस्टर आणि चुलत सासरे रात्रीच निघाले ते थेट लोणावळ्याजवळच्या खंडाळ्याला. तिथे असा कुणी माणूस नव्हता. पहाटे कळलं की दीर सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याला होते. हायवे पोलीस म्हणजे नक्की कोण आणि त्यांनी धरलं की माणूस जातो कुठे? (एक वहिनी, कामोठे)

वहिनी, तुमच्या मिस्टरांची काही चूक नाही, मुंबई-पनवेलकडच्या माणसाला खंडाळा म्हटलं की घाटच आठवणार. पण एक खंडाळा बोरघाटाच्या माथ्यावर आणि दुसरा खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी, मधे सगळा पुणे जिल्हा.

हायवे पोलीस म्हणजे वेगळं खातं नाही, आपले महाराष्ट्र पोलीसच. फक्त ते जिल्ह्याच्या एसपींच्या रोजच्या हुकुमात नसतात, त्यांच्यावर वाहतुकीचे अपर पोलीस महासंचालक असतात आणि त्यांचं मुख्यालय मुंबईत. रस्त्याकडेला "महामार्ग पोलीस मदत केंद्र" अशी पाटी दिसते ना, पळस्पे, बोरघाट, खंडाळा, भुईंज, कराड, ती त्यांची ठिकाणं. काम काय, तर गस्त घालणं, स्पीड गन घेऊन इंटरसेप्टर गाडी उभी करणं, लेन तोडणाऱ्या ट्रकना बाजूला घेणं, चलन करणं, आणि अपघात झाला की सगळ्यात आधी पोचून जखमीला ॲम्ब्युलन्समधे घालणं, क्रेन बोलावणं, रस्ता मोकळा करणं. पावसात घाटात ऑइल सांडलं की त्यावर माती टाकत उभे असतात ते हेच लोक. आपण फक्त चलनापुरतं त्यांना ओळखतो, ते बरोबर नाही असं मला मनापासून वाटतं.

पण मदत केंद्र म्हणजे पोलीस ठाणं नव्हे हे लक्षात ठेवा. तिथे लॉकअप नसतं आणि अपघाताची एफआयआर तिथे होत नाही. हायवे पोलिसांनी माणूस ताब्यात घेतला तर तो ज्या हद्दीत अपघात झाला त्या पोलीस ठाण्याच्या हवाली करतात, आणि पुढचं सगळं म्हणजे गुन्हा दाखल करणं, पंचनामा, अटक, कोर्ट हे ते ठाणं करतं. हद्दी कशा असतात बघा, पुणे-सातारा रोडवर नीरा नदीचा पूल आहे, पुलाच्या अलीकडे सारोळ्याच्या बाजूला ठोकली तर पुणे ग्रामीण, पलीकडे शिरवळच्या बाजूला ठोकली तर सातारा पोलीस. एक्स्प्रेस वेवर घाटाखाली खालापूर-खोपोली आणि वर लोणावळा. शंभर-दोनशे मीटरने जिल्हा बदलतो, कोर्ट बदलतं, वकील बदलावा लागतो.

म्हणून असा फोन आला की घाबरलेल्या माणसाला "काय झालं, कसं झालं" हे नंतर विचारा, आधी तीनच गोष्टी विचारा. पोलीस ठाणं कुठलं (जिल्ह्यासकट), कलमं कुठली, आणि अटक किती वाजता दाखवली. फोन कट झाला तर त्या जिल्ह्याच्या पोलीस कंट्रोल रूमला विचारा, नाहीतर ११२ ला लावा. १ जुलै २०२४ पासून अटक, जामीन, कोर्ट यांची पद्धत ठरवणाऱ्या जुन्या सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आलीय, तिच्या कलम ३७ मधे प्रत्येक ठाण्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात अटक झालेल्यांची माहिती ठेवायला एक अधिकारी नेमायचा आणि ती यादी ठळक दिसेल अशी लावायची असं सरळ लिहिलंय. आणि कलम ४८ प्रमाणे नातेवाईकाला किंवा मित्राला अटकेची आणि माणूस कुठे ठेवलाय याची खबर पोलिसांनी स्वतः द्यायची असते. "फोन करू दिला" ही मेहेरबानी नाही, ते त्यांचं कामच आहे.

आता तुमच्या दिरांचं. बेदरकार गाडी चालवल्याचं कलम २८१ आणि निष्काळजीपणाने मृत्यूचं १०६(१) ही भारतीय न्याय संहितेची, म्हणजे जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याची कलमं लागली असणार, जुन्या भाषेत २७९ आणि ३०४अ. १०६(१) ला शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे म्हणून लोकांचे पाय लटपटतात, पण ते जामीनपात्र आहे. म्हणजे जामीन हा हक्क आहे आणि तो पोलीस ठाण्यातूनच मिळू शकतो, त्यासाठी कोर्टाचं तोंड बघायची गरज नाही. जामीनदार नसेल, माणूस गरीब असेल तर नुसत्या जातमुचलक्यावर म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर सोडायची सोय कायद्यात आहे, आणि अटकेपासून आठवड्याभरात जामीनदार उभा राहिला नाही तर तो माणूस गरीब आहे असंच धरून चालायचं असं सुरक्षा संहितेचं कलम ४७८ सांगतं. या एका माहितीअभावी किती घरांनी रात्री अकरा वाजता ठाण्याबाहेरच्या कुणातरी मध्यस्थाला दागिने मोडून पैसे दिलेत ते मी बघितलंय. जामीनपात्र कलम असेल तर असे पैसे कुणालाही देऊ नका.

आणि तो "पळाला तर दहा वर्षं" वाला १०६(२), ज्यावर ट्रकवाल्यांनी संप केला होता, तो अजून लागूच केलेला नाही. पण म्हणून पळायचं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ म्हणतं की ड्रायव्हरने जखमीला उपचार मिळवून द्यायचे आणि पोलिसांना कळवायचं, मात्र जमाव चिडलाय, जीवाला धोका आहे अशी स्थिती असेल तर तिथे थांबलंच पाहिजे असं नाही. जवळच्या ठाण्यात जाऊन हजर व्हा, हवं तर मदत केंद्रावर जा. मार खाऊन मरण्यापेक्षा हे बरोबर आणि कायद्यालाही धरून.

अटक केली त्या वेळी पोलिसांनी भावाच्या आणि माझ्या चार-पाच कागदांवर सह्या घेतल्या. वाचायला वेळच दिला नाही, म्हणजे आम्हीही मागितला नाही. त्या सह्या कशाच्या असतात? (शेतकरी वाचक, माढा)

दादा, हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलं.

त्यातला एक कागद अटकेचा असतो, म्हणजे अटक पंचनामा किंवा अटक फॉर्म. सुरक्षा संहितेच्या कलम ३६ प्रमाणे त्यावर निदान एका साक्षीदाराची सही लागते, घरचा माणूस किंवा तिथला कुणी प्रतिष्ठित, आणि अटक झालेल्याचीही. दुसरा अंगझडतीचा, खिशातलं पाकीट, मोबाइल, घड्याळ, साखळी जे काय काढून घेतलं त्याचा, आणि त्याची पावती माणसाला द्यायची असते. एक नातेवाईकाला कळवल्याचा. आणि एक अटकेच्या कारणांचा, हा सगळ्यात महत्त्वाचा.

एक प्रसंग सांगते. एका ठाण्यात, नाव नको, रात्री दीड वाजता एका क्लीनरच्या आईबरोबर बसले होते. अटक फॉर्मवर सगळं भरलेलं, नाव, गाव, वय, खुणा, उजव्या भुवईवर जुना व्रण हेसुद्धा, फक्त "अटकेची वेळ" या रकान्यासमोर कोरं. मुलाला दुपारी चारपासून बाकावर बसवून ठेवलेलं. मी म्हटलं वेळ भरा मग आई सही करेल. अंमलदार चिडले नाहीत, म्हणाले मॅडम साहेब आले की टाकतो. आम्ही थांबलो. पावणेतीनला साहेब आले आणि वेळ पडली, रात्री अकरा. मी सहीच्या खाली आईच्या हाताने लिहून घेतलं, "मुलगा दुपारी चारपासून ठाण्यात आहे". आईला लिहायला पाच मिनिटं लागली, एकेक अक्षर काढत होती. सकाळी मॅजिस्ट्रेटनी ती ओळ वाचली आणि तपास अधिकाऱ्यांना पहिला प्रश्न त्यावरच विचारला.

ती वेळ एवढी का धरून बसायची? कारण सुरक्षा संहितेचं कलम ५८ आणि संविधानाचा अनुच्छेद २२, दोन्ही सांगतात की प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं. ते चोवीस तास कधीपासून मोजायचे? मुंबई हायकोर्टाने १९९० सालीच सांगितलंय की माणसाला अडवून ठेवलं तिथपासून, कागदावर अटक लिहिली तिथपासून नाही. "चौकशीला बसवलंय, अजून अटक नाही" हे वाक्य ऐकलं की घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा, मोबाइलवरून वकिलाला एक मेसेज टाकून ठेवा म्हणजे तारीख-वेळेसकट राहतो.

अटकेची कारणं लेखी द्यायची हा नियम आता सगळ्याच गुन्ह्यांना आहे. सुप्रीम कोर्टाने ६ नोव्हेंबर २०२५ ला निकाल दिला, तो खटला आपल्याच वरळीच्या हिट अँड रन प्रकरणातून वर गेलेला. कारणं लेखी हवीत, त्या माणसाला कळेल अशा भाषेत हवीत, आणि लगेच देणं शक्य नसेल तर कोर्टात उभं करायच्या निदान दोन तास आधी हातात पडली पाहिजेत. तेव्हा माढ्याच्या माणसाला इंग्रजी कागद दिला तर "मराठीत द्या" म्हणायचं, शांतपणे. आवाज चढवू नका, हात लावू नका. पोलिसाच्या कामात अडथळा आणून अंगावर गेल्याचं न्याय संहितेचं कलम १३२ अजामीनपात्र आहे, भावाला सोडवायला आलेला माणूस स्वतः आत जातो, हे मी दोनदा बघितलंय.

मुलगा चोवीस वर्षांचा. ३१ डिसेंबरला रात्री हायवेला नाकाबंदीत ब्रेथ ॲनालायझरमधे सापडला. गाडी घेतली, लायसन घेतलं, त्याला घेऊन गेले. तिथल्या तिथे दंड भरून मिटवता आलं नसतं का? (एक वडील, नाशिक)

नाही काका, आलं नसतं. सीट बेल्ट, स्पीड, लेन यांची चलनं जागेवर किंवा ऑनलाइन भरता येतात, मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणं हे कोर्टातच जातं. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा, पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा दोन वर्षांपर्यंत किंवा पंधरा हजार किंवा दोन्ही. रस्त्यात कुणी "इथेच मिटवून टाकू" म्हणालं तर तो पोलीस असो की मधला माणूस, ते कायद्याचं मिटवणं नव्हे.

पण एक गोष्ट बघून घ्या. याच कायद्याचं कलम २०२ सांगतं की १८५ खाली अटक केली तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाही झाली तर माणसाला सोडावं लागतं. अटकेची वेळ आणि सरकारी दवाखान्यातल्या तपासणीची वेळ, दोन्ही कागद मागून घ्या. आणि काका, वकील म्हणून एवढं सांगितलं, आता एका मुलाची आई म्हणून सांगते, की त्याच रात्री तो कुणाला तरी धडकला असता तर प्रकरण १८५ वर थांबलं नसतं, दारू प्यायलेली असली आणि माणूस गेला की पोलीस न्याय संहितेचं १०५ म्हणजे सदोष मनुष्यवधाचं कलम लावतात आणि ते अजामीनपात्र आहे. मुलाशी बोला, ओरडू नका, पण बोला.

डिजिलॉकरमधलं लायसन चालतं का? (तीन-चार जणांनी विचारलंय)

चालतं. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधलं. गॅलरीतला फोटो त्यात मोडत नाही.

भावाला कोर्टात नेलं, दोन मिनिटांत बाहेर आणलं, पोलीस म्हणाले "एमसीआर झाला". आम्हाला वाटलं जेल झाली, आई तिथेच खाली बसली. नक्की काय होतं ते कुणी सांगितलंच नाही. (कराडहून, नाव छापू नये)

आईंना आधी सांगा की ती शिक्षा नव्हती. मला फार वाईट वाटतं की कोर्टाच्या व्हरांड्यात ही तीन अक्षरं कुणी समजावून सांगत नाही.

पोलीस कोठडी म्हणजे पीसीआर, यात माणूस चौकशीसाठी पोलिसांच्या ताब्यात राहतो. न्यायालयीन कोठडी म्हणजे एमसीआर, यात तो पोलिसांच्या हातून सुटून कोर्टाच्या ताब्यात जातो, राहतो कारागृहात. ऐकायला एमसीआर भयंकर वाटतो पण उलट आहे, पोलिसांना सध्या तो चौकशीला नको आहे आणि जामिनाचा अर्ज टाकायला वाट मोकळी झाली असा त्याचा व्यवहारातला अर्थ. म्हणून वकील लोक "एमसीआर झाला" हे आनंदाने सांगतात आणि घरचे रडायला लागतात. फक्त नव्या कायद्यात एक फरक झालाय, पूर्वी पोलीस कोठडी पहिल्या पंधरा दिवसांतच मागता यायची, आता तेच एकूण पंधरा दिवस तुकड्या-तुकड्यांनी पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत मागता येतात, गुन्हा किती मोठा त्यावर. आणि साठ किंवा नव्वद दिवसांत चार्जशीट आलं नाही तर जामीन मागायचा हक्कच तयार होतो, ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने खूण करून ठेवा, त्या दिवशी अर्ज तयार पाहिजे.

त्या दोन मिनिटांत मॅजिस्ट्रेट साहेब एक प्रश्न विचारतात, "पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का?" शंभरातली बहुतेक माणसं मान हलवतात, नाही म्हणतात, शेजारी पोलीस उभा असतो ना. मारहाण झाली असेल तर तिथेच सांगायचं, अंगावरचा वळ दाखवायचा, नंतर सांगून ते सिद्ध करायला फार कठीण जातं. आणि झाली नसेल तर उगीच सांगायचं नाही.

वकील परवडत नसेल तर कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते, फुकट वकील देतात, १५१०० या नंबरवरही मदत मिळते. पहिल्या रिमांडलाच, म्हणजे पहिल्यांदा कोर्टात उभं करतात तेव्हाच मागा.

जामीनदाराचं म्हणाल तर सातबारा, आधार, रेशनकार्ड, फोटो हे घेऊन माणूस स्वतः हजर लागतो. दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार चालणार नाही असं कुणी सांगितलं तर वकिलांना १९७८ च्या मोतीराम खटल्याची आठवण करून द्या. मोतीराम गवंडी होता, त्याचा भाऊ जामीन राहायला तयार होता पण मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला, सुप्रीम कोर्टाने ते चुकीचं ठरवलं. तो गवंडी होता हे मला नेहमी लक्षात राहतं, कारण माझ्याकडे येणारे बहुतेक असेच असतात, ड्रायव्हर, क्लीनर, ऊसतोड करणारे.

रात्री पोलीस बाईमाणसाला अटक करू शकतात का? (एक ताई, पनवेल)

सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात नाही. अगदी अपवादात्मक कारण असेल तर महिला अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटची लेखी परवानगी आधी घ्यायची, मगच. तुम्ही गाडी चालवत होतात आणि रात्री अपघात झाला तर माहिती द्या, जबाब सकाळी देते म्हणा, पत्ता-फोन लिहून द्या. साठीच्या वरच्या किंवा आजारी माणसांनाही एक संरक्षण आहे, तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल तर डीवायएसपींच्या परवानगीशिवाय त्यांना अटक करता येत नाही.

जखमीला गाडीत घालून दवाखान्यात नेलं तर आपल्यालाच अडकवतात म्हणून कुणी थांबत नाही. खरंच अडकवतात का? (कॉलेज विद्यार्थी, सांगली)

बाळा, थांब. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४अ तुझ्यासाठीच आहे. मदत करणाऱ्यावर फौजदारी किंवा दिवाणी काही येत नाही, नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचं की नाही हेही तुझ्या मर्जीवर. २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचाराची केंद्राची योजनाही आहे, त्यामुळे "पैसे कोण भरणार" ही भीती धरून कुणाला रस्त्यावर सोडू नकोस. राष्ट्रीय महामार्गावर असशील तर १०३३, नाहीतर १०८ किंवा ११२.

नारायणगावहून वाशी मार्केटला टोमॅटो घेऊन जाणारा माझा टेम्पो अपघातात जप्त केला. ड्रायव्हरचं कोर्टात बघू, पण माल दोन दिवसांत सडेल, दीडशे क्रेट आहेत. काय करू? (टेम्पोमालक, जुन्नर)

दादा, तुमचा मेसेज आला तेव्हाच उत्तर कळवलं होतं, इथे बाकीच्यांसाठी देते. पुरावा गाडी आहे, टोमॅटो नाही. तपास अधिकाऱ्यांना साध्या कागदावर अर्ज करा, की माल नाशवंत आहे, दुसऱ्या गाडीत भरायची परवानगी द्या, क्रेटची संख्या, बिलाची कॉपी, दुसऱ्या गाडीचा नंबर लिहा, फोटो काढून घ्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का घ्या. नाही म्हणाले तर तोच शिक्का मारलेला कागद घेऊन त्याच दिवशी कोर्टात अर्ज टाकता येतो.

टेम्पोसाठी आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी आधी व्हावी लागते, ब्रेक होते का, स्टिअरिंग ठीक होतं का हे ते बघतात. ती झाली की सुपुर्दनाम्यावर गाडी परत मिळायला कोर्टात अर्ज, सोबत आरसी, इन्शुरन्स, परमिट, फिटनेस. या चारातलं एक जरी संपलेलं असेल तरी आजच सांगा, कारण इन्शुरन्स नसला तर सगळंच वेगळ्या वाटेने जावं लागतं आणि त्याचा अर्ज वेगळा लिहावा लागेल. ठाण्याच्या आवारात गाडी जितके दिवस उभी राहील तितक्या बॅटरी-टायरच्या तक्रारी वाढतात, म्हणून पहिल्याच दिवशी गाडीचे चारही बाजूंनी फोटो, मीटरचं रीडिंग आणि स्टेपनीचा फोटो काढून ठेवा.